तिसऱ्या बाजूवरची गर्दी

कानाच्या बाईंचं काम सोपं होतं. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, त्याच्या डोक्याला हेडफोन लावायचे आणि बाहेरून एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून आणलेले कित्येक नवरे सगळे सूर बिनचूक ऐकतात, हे बाईंनी चौतीस वर्षांत अनेकदा पाहिलं होतं आणि कुठल्याही बायकोला सांगितलं नव्हतं.

दिवसभर ते सूर ऐकून घरी आल्यावर बाईंना शांतता लागायची. नवऱ्याला लागायचा त्याचा बँड. चार केसाळ माणसं, दोन गिटार, ढोल बडवल्यासारखे ड्रम्स. तो खोलीचं दार लावून ऐकत बसायचा आणि बाई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. तेहतीस वर्षांच्या संसारात त्या बँडचं एकही गाणं त्यांनी सलग ऐकलं नव्हतं. यावर दोघांचं कधी भांडणही झालं नाही. दोन दारं होती, पुरेशी होती.

आठ महिन्यांपूर्वी नवरा त्या खोलीतल्या खुर्चीतच गेला. बाईंची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती धावत आली आणि पंधरा दिवस तिने घर सांभाळलं. लग्न न केलेली, बाईंहून सहा वर्षांनी लहान. त्या पंधरा दिवसांत तिने नवऱ्याच्या सगळ्या रेकॉर्ड कुणाला तरी देऊन टाकल्या.

"रोज डोळ्यांसमोर नको गं ताई," ती म्हणाली होती.

रेकॉर्ड प्लेअर तेवढा जड म्हणून राहून गेला. त्याच्यावरची धूळ पुसताना एके दिवशी बाईंच्या मनात आलं, हा माणूस आत बसून इतकी वर्षं काय ऐकत होता?

सोमवारी दवाखाना बंद असायचा. बाई बाजारामागच्या गल्लीत जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो पूर्वी गणित शिकवायचा आणि अजूनही गिऱ्हाइकाला फळ्यासमोर उभं केल्यासारखं बोलायचा.

"या बँडचा मला एकच अल्बम हवाय," बाई म्हणाल्या. "मी काहीच ऐकलेलं नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठला घ्यावा?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. त्यांनी खोक्यातून एकेक रेकॉर्ड काढून बाईंसमोर मांडली. "हा पहिला. पोरं नवी होती, जोर आहे, पण धड काही जुळलेलं नाही. हा चौथा, सगळ्या जगाला पाठ असलेला. आणि हा गाजलेल्या गाण्यांचा, पण त्याने सुरुवात करू नका. नुसत्या फोडणीने पोट भरत नाही."

"मी कानाची तपासणी करते," बाई म्हणाल्या. "नक्की ऐकू येईल अशा सुरापासून आम्ही सुरुवात करतो. मग हळूहळू खाली जातो. मला नक्की ऐकू येईल असा कुठला?"

मास्तरांनी मागच्या फळीवरून एक जाड पाकीट काढलं. "मग हा. कार्यक्रमात वाजवलेला, दोन रेकॉर्डचा. एकूण चार बाजू. यात गाणी ऐकू येतात आणि माणसंही ऐकू येतात."

पाकिटावर मैदानाचा फोटो होता. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, राजधानीतलं मैदान, चौदा मार्च, आणि तीस वर्षांपूर्वीचं साल.

ती तारीख बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी सहाव्या महिन्यात त्यांचं बाळ गेलं होतं. दुपारी पोटात कळा आल्या, शेजारणीने दवाखान्यात नेलं. तेव्हा मोबाइल नव्हते. शेजारणीने नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला, तर तो कामासाठी बाहेरगावी गेलेला. ऑफिसच्या माणसाने निरोप पोचवतो म्हणून सांगितलं. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. निरोपच मिळाला नाही, म्हणाला, आणि पलंगाशी बसून लहान मुलासारखा रडला. त्यानंतर मूल झालं नाही.

"हाच द्या," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

दुपारी चार वाजता त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याच्या खुर्चीत बसून रेकॉर्ड लावली. पहिल्या दोन बाजू त्यांनी तपासणी केल्यासारख्या ऐकल्या. आवाज मोठा होता, वाईट नव्हता. तिसऱ्या बाजूवर दुसरं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, कुणी शिट्टी मारली. आणि त्या गोंधळात कुणीतरी दोनदा खोकलं. एक लांब, मग लगेच एक आखूड.

बाईंनी सुई उचलली.

तो खोकला त्यांनी तेहतीस वर्षं ऐकला होता. बाजारात हात सुटला तर त्या खोकल्यावरून त्या नवऱ्याला शोधून काढायच्या.

त्यांनी सुई परत टेकवली. टाळ्या, शिट्टी, खोकला. मग नवऱ्याचा आवाज, तरुण, बेफिकीर. "पाणी आहे का गं?" आणि हसत हसत एका तरुणीचा आवाज. "सगळं तूच प्यायलास की."

ते हसणं धाकटीचं होतं.

बाईंनी प्लेअर बंद केला, चहा केला आणि तो न पिता ओतून दिला. माणसाला जे ऐकायची भीती वाटते ते त्याला ऐकू येतं, हे त्यांना धंद्यामुळे चांगलं माहीत होतं. सूर सोडलेलाच नसताना बटण दाबणारी माणसं त्यांनी रोज पाहिली होती. पण आपल्याला कसली भीती वाटत होती? त्यांनी तर बहिणीवर कधी संशयसुद्धा घेतला नव्हता.

मंगळवारी कामावरून आल्या आल्या त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं. दुसरं गाणं संपून तिसरं सुरू होईपर्यंत एकोणीस सेकंद. खोकला होता. पाण्याचं बोलणं मात्र नव्हतं. त्या जागी दुसरंच होतं.

"लॉजवरून निघताना ऑफिसचा निरोप आला. तिला दवाखान्यात नेलंय."

"मग?"

"आता निघालो तरी उशीरच होणार."

बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा एकोणीस सेकंद, आणि बोलणं आणखी पुढचं. धाकटी म्हणत होती, "निरोप मिळालाच नाही, असं सांग."

मोजून एकोणीस सेकंद, पण दर वेळी पुढचं. संध्याकाळच्या उन्हात बाई खुर्चीवर बसून राहिल्या. तीस वर्षं त्या त्याच्या रडण्यावर विश्वास ठेवून होत्या. स्वतःचं दुःख गिळून त्यांनीच त्याची समजूत घातली होती.

बुधवारी त्यांना राहवलं नाही. टाळ्या झाल्या, खोकला आला, नवरा काहीतरी विनोद सांगू लागला, आणि बाई स्पीकरकडे बघून हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "मागे बघ."

नवऱ्याचं बोलणं मध्येच तुटलं.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

तिसरं गाणं सुरू झालं.

गुरुवारी बाई रेकॉर्ड आणि प्लेअर रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. स्वागतकक्षातली वयस्कर मदतनीस बावीस वर्षं त्यांच्याबरोबर होती. तिचे कान तल्लख आहेत हे बाईंना माहीत होतं, दर वर्षी त्याच तर तपासायच्या. तिला बंद खोलीत बसवून त्यांनी तो तुकडा हेडफोनवर ऐकवला.

"काय ऐकू आलं?"

"लोक ओरडतायत. एकाने शिट्टी मारली." तिने हेडफोन काढले. "बाई, बरं वाटत नाहीये का? चेहरा बघा कसा झालाय."

ती गेल्यावर बाईंनी जुन्या फायलींचं कपाट उघडलं. बाळ गेलं त्यानंतर दोन दिवस नवरा सारखं "मोठ्याने बोल" म्हणत होता. धक्क्याने झालं असेल म्हणून अशक्तपणातही दवाखान्यात येऊन बाईंनीच त्याचे कान तपासले होते. फाइल सापडली. सतरा मार्च. दोन्ही कानांच्या रेघा सरळ येऊन चार हजार कंपनांच्या खुणेवर खाली कोसळलेल्या, मग पुन्हा वर. कानाशी तासन्‌तास प्रचंड आवाज झाला की रेघ अशी पडते. बसमध्ये इंजिनाशेजारी जागा मिळाली होती, असं तो म्हणाला होता. आलेखाखाली बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, "प्रवासामुळे."

म्हणजे बाईंचे कान चुकत नव्हते. तेव्हा त्याचेही चुकले नव्हते.

रविवारी अकरा वाजता धाकटी नेहमीसारखी आली. चप्पल काढताना तिला टेबलावरचं पाकीट दिसलं, आणि तिचा हात भिंतीवरच राहिला.

"ताई, हे कुठून आणलंस?"

"दुकानातून. त्याचा बँड ऐकून बघावा म्हटलं."

"मग चौथा घ्यायचास. सुरुवात याने नाही करत कुणी."

"तुला काय माहीत? तुझं तर त्या गाण्यांनी डोकं दुखतं."

धाकटी खुर्चीच्या कडेवर बसली. बावन्न वर्षांची बाई, पण शाळेत चोरी पकडली गेल्यासारखी. बाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "चौदा मार्चला तू कुठे होतीस?"

खाली रस्त्यावर कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं.

"एकदाच गेलो होतो आम्ही असं," धाकटी शेवटी म्हणाली. "त्यानंतर कधीच नाही. त्याने बोलणंच सोडलं माझ्याशी. तुझ्यासमोर बोलायचा तेवढंच."

"बाळ गेलं म्हणून?"

"तुझा आवाज आला म्हणून."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"गाणं संपलं होतं. तू मागून म्हणालीस, मागे बघ. आम्ही दोघंही वळलो. मागे सगळी अनोळखी माणसं. मी म्हटलं, भास असेल. पण दोघांना एकच भास कसा होईल? ही रेकॉर्ड निघाल्यावर तो सारखी तीच जागा लावून ऐकायचा. इथे आले की मला दाराबाहेर ऐकू यायचं. तुझा आवाज आहे का ते शोधत असायचा." धाकटीने पदराने ओठ पुसले. "म्हणून मी ती आधी बाहेर काढली. सगळ्याच काढल्या."

"ते मी म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "या बुधवारी. या खोलीत."

धाकटी उठून उभी राहिली.

"आणि दुसऱ्यांदा?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांदा काय?"

"ती बाजू संपताना तू पुन्हा बोललीस. म्हणालीस, अजून वेळ आहे, माझ्याकडे ये."

"मी असं काही म्हटलेलं नाही."

"आम्ही ऐकलं ताई. त्याने माझ्याआधी ऐकलं."

"मग तो काय म्हणाला?"

धाकटी दारापर्यंत गेली. चप्पल पायात नीट न घालताच उंबऱ्यावर थांबली. "म्हणाला, कोणी नाही. आणि थांबला."

ती गेल्यावर बाईंनी दार लावलं.

खोलीत भर दुपारचा उजेड होता. त्यांनी तिसरी बाजू लावली. दुसरं गाणं संपलं, तिसरं सुरू झालं. बाईंनी ठरवलं होतं, ते वाक्य आपण म्हणायचं नाही. ज्याला ऐकून यायचं नव्हतं, त्याला हाक कशाला मारायची? या घरात यापुढे त्याला कुणी हाक मारणार नव्हतं.

गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या.

बाईंनी ओठ मिटले. वर दोन्ही तळहात दाबून धरले.

खोकला आला. एक लांब, एक आखूड. मग नवऱ्याचा श्वास, अगदी जवळून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

बाई बोलल्या नाहीत.

स्पीकरमधून, गर्दीच्या मागून, अठ्ठावन्न वर्षांच्या दमलेल्या आवाजात त्यांनी स्वतःला ऐकलं. "अजून वेळ आहे. माझ्याकडे ये."

"कोण आहे?" धाकटीने विचारलं.

"कोणी नाही," नवरा म्हणाला, आणि टाळ्या वाजवू लागला.

हळूहळू बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या. बाजू संपली. सुई आतल्या रिकाम्या कडेवर खरखरत राहिली, आणि त्या खरखरीत तो एकटाच टाळ्या वाजवत होता.