येतो म्हण

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. दोघांनी लग्न करून पाहिलं होतं, त्याला दोन वर्षं होत आली होती. घर बांधायचं म्हणाल तर नावच नको. म्हणून मग ती दोघं घरं नुसतीच पाहायची. रविवारी जेवणं उरकली की भाड्यानं द्यायच्या एखाद्या रिकाम्या फ्लॅटचा पत्ता काढायचा, एजंटला फोन लावायचा आणि गंभीर चेहरे करून जायचं. इथे कपाट, इथे पलंग, इथे तुझी आई आली की तिची खुर्ची, असा तासाभराचा संसार मांडायचा आणि परतताना बसमध्ये पोट धरून हसायचं. घ्यायचं काहीच नसे. फुकटची करमणूक, दुसरं काय.

ती पडद्यांच्या दुकानात होती. मापं घेणं, कापणं, शिवणं, सगळं तिच्या अंगावर. कुणाच्याही घरात शिरली की माणसांआधी खिडक्या बघायची. आणि पडदा शिवून झाला की खालच्या कोपऱ्यात दोन टाके एकमेकांवर फुलीसारखे घालायची. मालक कुरकुरायचा, कशाला दोरा वाया घालवतेस म्हणून. ती म्हणायची, सही आहे ती माझी.

तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर जीव टांगून ठेवायचा, हे त्याचं काम. ही सवय हाडीमाशी अशी मुरली होती की बसमध्ये बसला तरी पुढे काही आडवं आलं की त्याचा उजवा पाय धप्पकन खाली दाबला जायचा. लोक वळून बघायचे. ती त्याला मास्तर म्हणायची आणि दर वेळी हसायची.

खटका उडायचा तो एकाच गोष्टीवरून. घरातून निघताना हा माणूस म्हणायचा, "जातो."

"जातो काय? येतो म्हण."

"जातोय, तर जातोच म्हणणार ना."

"जिभेला काही हाड?"

त्यावर तो बूट चढवायला लागायचा. ती स्वतः दुकानाच्या शटरलासुद्धा 'येते' म्हणणारी. तिला वाटे, हा नुसता अडेलतट्टूपणा आहे, बायकोनं जरा लावून धरलं की जाईल.

त्या रविवारचा फ्लॅट एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात वाफेचा आणि साबणाचा वास भरलेला. एजंट गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला, धापा टाकणारा जाडजूड माणूस. त्यानं दार उघडलं आणि स्वतः बाहेरच उभा राहिला. "तुम्ही बघून घ्या निवांत," म्हणाला. "वर्ष झालं रिकामा आहे."

आत लांबट पॅसेज, मग एक खोली, तिच्या आत आणखी एक. आतल्या खोलीत भिंतभर खिडकी होती. वर पितळी दांडी, दांडीवर रिकाम्या कड्या. तिनं सवयीनं खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही. वर्षभर बंद असलेल्या घरात धूळ नाही म्हणजे नवलच. पण खाली लाँड्री आहे, सगळी इमारतच धुतल्यासारखी असेल, असं ती म्हणाली आणि दोघं हसली.

"इथे हळदी रंगाचा लावायचा," ती खिडकीसमोर हात पसरून म्हणाली. "बारीक तपकिरी रेघांचा. पार जमिनीपर्यंत."

"आणि मी कुठे बसायचं?"

"तू पडद्यामागे. ब्रेक दाबत."

निघताना ती पॅसेजकडे वळून सवयीनं म्हणाली, "येते हं." तो दाराबाहेर एक पाय टाकून म्हणाला, "चल, जातो."

तिनं त्याला चिमटा काढला. "निदान या घराला तरी येतो म्हण. बिचारं एकटं आहे."

तो त्या दिवशी खुशीत होता. वळला, रिकाम्या पॅसेजसमोर जरासा वाकला आणि म्हणाला, "बरं. येतो."

आतल्या खोलीत पितळी कड्या एकमेकींवर एकदा किणकिणल्या. खिडकी बंद होती.

एजंटचा हात कुलपावर थांबला. "काय म्हणाले साहेब?"

"येतो म्हणाले."

त्यानं रुमालानं मान पुसली. "मी इथून निघताना काही बोलत नाही."

"का?"

"नाही बोलत," तो म्हणाला आणि तेवढ्या जाड अंगानं त्यांच्याआधी जिना उतरून गेला. बसमध्ये तिनं त्याची हुबेहूब नक्कल केली.

सोमवारी मास्तरला घरी यायला उशीर झाला. सहाच्या आत येणारा माणूस आठला आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "कुठे काय? सरळ तर आलो." घड्याळ दाखवलं तेव्हा तोच गोंधळला. त्याच्या खांद्याला भिंतीचा चुना लागला होता. तिनं तो झटकला आणि विषय सोडून दिला.

मंगळवारी तेच. बुधवारी त्याची पँट धुवायला घेतली तर खिशातून पितळी कडी निघाली. पडद्याची कडी ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता. ती घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं उलटीपालटी करून पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तो खोटं बोलत असता तर तिला किती बरं वाटलं असतं.

जेवताना तो सहज म्हणाला, "आपल्या तिकडच्या खिडकीत संध्याकाळचं ऊन फार छान येतं."

"तिकडच्या म्हणजे कुठल्या?"

त्याचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघत बसला, शाळेत उत्तर विसरलेल्या पोरासारखा. "काय म्हणालो मी?" त्यानं विचारलं.

गुरुवारी तो कामावर गेल्यावर तिनं सासूबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग विचारलं, "आई, तुमचा मुलगा 'येतो' का म्हणत नाही हो?"

सासूबाई म्हणाल्या, "त्याचे वडील येतो म्हणून गेले होते गं. हा लहान होता. कितीतरी दिवस दारात बसून राहायचा. मग एक दिवस उठला आणि म्हणाला, मी कधी येतो म्हणणार नाही. म्हटलं की यावं लागतं."

"आणि चुकून म्हटलंच तर?"

"तर येईल. बापासारखा नाही तो."

फोन ठेवला आणि तिला रडू फुटलं. दोन वर्षं ती ज्याला हट्ट म्हणत होती तो हट्ट नव्हता. त्यानं जन्मभर जपून ठेवलेला शब्द तिनं चिमटा काढून काढला होता, आणि तोही कुणाला द्यायला लावला, तर त्या घराला. पण रडून माणूस परत येत नसतो. तिनं तोंड धुतलं, मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारीच एजंटचं ऑफिस गाठलं.

"किल्ली द्या."

त्यानं एक शब्द न विचारता दिली. "मी येत नाही वर," म्हणाला. "आणि किल्ली आज परत आणायची घाई करू नका."

तिला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या वर चार बोटं राग होता. घर म्हणजे काय, चार भिंती आणि एक छप्पर. असल्या चार भिंतींनी आपला नवरा ठेवून घ्यायचा आणि आपण गप्प बसायचं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तो आतल्या खोलीत होता. जमिनीवर, खिडकीकडे तोंड करून, ऊन अंगावर घेत बसलेला. बूट काढून कोपऱ्यात नीट ठेवलेले. उजवा पाय मधूनच फरशीवर दाबला जात होता. धप्प. थोड्या वेळानं पुन्हा, धप्प. पुढ्यात काहीही आडवं येत नव्हतं.

खिडकीच्या कट्ट्यावर कापडाची घडी होती. हळदी रंगाची, बारीक तपकिरी रेघांची. तिनं ती बघितली आणि बघितली नाही असं केलं.

"हे बघ," ती भिंतींना म्हणाली. आवाज कापत होता, कापू दे. "जे कोणी असशील ते. माझ्या माणसाला शब्द पाळायची खोड आहे. येतो म्हणाला, आला. एकदा सोडून चारदा आला. फिटलं आता. स्वतःला करमत नाही म्हणून दुसऱ्याचं माणूस बसवून ठेवायचं, ही कुठली रीत?"

तिनं त्याचा हात धरून त्याला उभं केलं. हात गार होता.

"जातो म्हण," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज फुटायला वेळ लागला.

"म्हण रे. मी सांगते ना. मोठ्यानं म्हण."

"जातो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कड्या वाजल्या नाहीत. तिला वाटलं, जिंकलो. हाताला धरून तिनं त्याला पॅसेजपर्यंत आणलं, तेव्हा तो म्हणाला, "बूट राहिले. तू हो पुढे, आलोच."

तिनं हात सोडला.

ती बाहेर जिन्यावर थांबली. आत लेस ओढल्याचा आवाज आला, मग बुटांचा. तो बाहेर आला, काही न बोलता. तिनं दार धाडकन ओढलं, कुलूप घातलं आणि दाराला ऐकवलं, "जातो आम्ही." खालच्या लाँड्रीत कुणीतरी इस्त्री करताना शीळ घालत होतं. इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

परतताना बससमोर एक सायकल आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि सगळी माणसं पुढे कलंडली. हसायच्या तयारीनं तिनं मास्तरच्या पायाकडे पाहिलं. पाय जागच्या जागी होता. दमलाय बिचारा, असं म्हणून तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

सकाळी तो वेळेवर उठला. चहा प्यायला, बूट पुसले, डबा घेतला. दार उघडलं आणि वळून गोड हसला.

"येतो हं," तो म्हणाला.

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी चिमटा काढला नव्हता.

पावलं एकसारखी वाजत जिना उतरून गेली. दोन वर्षं तिचे कान हे ऐकायला आसुसले होते, आणि ऐकलं तेव्हा तिला दाराची कडी धरून उभं राहावं लागलं.

बूट घालून जो बाहेर आला होता, तो तिचा नवरा नव्हता. तिचा नवरा 'आलोच' म्हणून आत गेला होता.

ती फार वेळ उभी राहिली नाही. घरातली शिवणाची मोठी कात्री पिशवीत टाकली, किल्ली मुठीत धरली आणि स्वतःच्या दाराला कुलूप लावताना, आयुष्यात पहिल्यांदाच, काहीही म्हणाली नाही.

लाँड्रीच्या वर तिसरा मजला. दाराशी पोचताच आवाज आला.

धप्प.

तिनं दाराला कान लावला. हा आवाज ती झोपेतही ओळखेल.

"मास्तर?"

आवाज थांबला. मग आतून, पार आतून, दमलेलं उत्तर आलं. "तू जा."

"नाही जात," ती म्हणाली. "त्या दिवशी मीही येते म्हटलं होतं. शब्दाचा पक्का काय तू एकटाच आहेस?"

तिनं किल्ली फिरवली.

पॅसेज तसाच होता. पहिली खोली तशीच. आतल्या खोलीत कोपऱ्यात बूट नव्हते, जमिनीवर कुणी नव्हतं. खिडकीला पडदा लागला होता. हळदी रंगाचा, पार जमिनीपर्यंत.

धप्प. पडद्यामागून.

ती गुडघ्यावर बसली आणि पडद्याचा खालचा कोपरा उलटून पाहिला. दोन टाके, एकमेकांवर, फुलीसारखे.

हे तिनं शिवलं नव्हतं. पण हात तिचाच होता.

"असू दे," ती म्हणाली आणि पिशवीतून कात्री काढली. "माझी शिवण मला उसवता येते."

ती गुडघ्यांवरच सरकत दुसऱ्या कोपऱ्याशी गेली. तिथे वीतभर दुमड शिवायची राहिली होती. दोऱ्याला सुई लोंबत होती.

सुई अजून हलत होती.