वेलिकाचा कागद

मनगटावर विजेचा बारीक झटका द्यायचा आणि अंगठा किती उडतो ते पडद्यावर मोजायचं, हे माझं काम. डॅन्यूबकाठच्या रूसे शहरातल्या इस्पितळात मी नसा तपासते. झेचोकाका माझे जुने पेशंट. त्यांच्या आजारात आधी नसा मरतात, मग स्नायू सुकतात. दर खेपेला पडद्यावरची लाट ठेंगणी होत होती आणि अंगठ्याखालचा उंचवटा बसत चालला होता.

"तुरुंगातसुद्धा विचारून शॉक देत असतील, रुमेना," काका म्हणायचे.

"पण तिथे कॉफी कोण पाजतं?" मी म्हणायची.

ऑक्टोबरात मात्र त्यांनी थट्टा केली नाही. "नोव्हेंबरपर्यंत टिकेल का गं हा अंगठा? वेलिकाचा कागद लावायचाय."

आमच्याकडे माणूस गेलं की फोटोचा कागद दारावर लागतो, आणि दर वर्षी त्याच दिवशी नवा. वेलिकाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या गेलेल्या बायकोचा, कागद काका स्वतःच लावायचे, पिठाची खळ करून, चारही कोपरे अंगठ्याने दाबून. मुलगा स्पेनात, तो फोनही उचलत नाही.

"मी लावीन की."

"तू कोण तिची?"

खरंच होतं ते, तरी लागलं. मीही एकटीच राहते. माझा कागद कोण लावणार, हा विचार मलाही छळतो.

मी झटका दिला. त्यांचा अंगठा हलला नाही. माझा हलला.

तार कुठे लागली असेल म्हणून सगळ्या तारा तपासल्या, हातमोजे बदलले, पुन्हा झटका दिला. पडद्यावर सरळ रेघ. टेबलावर टेकलेला माझा उजवा अंगठा खाली दबला आणि दबलेलाच राहिला.

काकांनी ते पाहिलं.

"कोपरे नीट दाबायचे," एवढंच म्हणाले.

काकूंच्या दिवशी सकाळभर मी इस्पितळातच होते. दुपारी वाटलं, काका काही का म्हणेनात, जाऊन कागद लावून यावा. डॅन्यूबवरून धुकं चढत होतं. मी लोकरीचे हातमोजे चढवले.

काकांच्या दारावर कागद आधीच होता. ओला, चारही कोपरे चापून बसवलेला.

शेजारच्या स्तोयनाबाई जिन्यात उभ्या होत्या, हातात काकांच्या घराची किल्ली. डोळे लाल.

"सकाळीच गेले गं. आत्ता नेलं त्यांना."

"मग हा कागद कोणी लावला?"

"म्हणजे? तू नाही लावलास?"

मी पुन्हा दाराकडे पाहिलं. काकूंच्या फोटोशेजारी आणखी एका कागदाएवढी जागा सोडलेली होती. तिथे नुसतीच खळ फासलेली.

मी उजवा हातमोजा काढला.

अंगठ्याला खळ होती. अजून ओली.