डावा शहाऐंशी, उजवा चोपन्न

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे, हे आमच्या अत-बाशी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रविवारी मी खरंच आपल्या वाटेनं चालले होते. मावशीचा बटाट्याचा वजनकाटा दुरुस्त करून आणलेला, तो काखेत, आणि पायाखाली जनावरांच्या बाजाराचा चिखल. बर्फ नुकतं वितळायला लागलं होतं. वाटेत एक पाट आडवा वाहत होता. माझ्यापुढे चाललेला उंच, रुंद खांद्यांचा एक माणूस पाटाशी आला, थांबला, पाय बदलला आणि डाव्या पायावर जोर देऊन पलीकडे गेला. तेवढ्यात वाऱ्यानं त्याची पांढरी टोपी अलीकडे उडाली. तो परत आला... पुन्हा थांबला, पुन्हा पाय बदलला, पुन्हा डावाच.

आता यात माझा काय संबंध? पण राहवलं नाही.

"उजव्या गुडघ्याला काय झालंय?"

तो वळला. भुवईवर जुनी खूण, डोळे हसरे, पण त्या क्षणी चिडलेले. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी बेगाइम. व्यायाम शिकवते. लोकरीच्या जुन्या गोदामात."

"मग गुडघ्याला काही झालेलं नाही," असं म्हणून त्यानं टोपी झटकली आणि चालू लागला. जाताना त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. मी मोजलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या गोदामाच्या दारात उभा. नाव उरमात. कोकबोरू खेळणारा. म्हणजे धावत्या घोड्यावरून खाली लोंबकळून जमिनीवरचं पस्तीस किलोचं बकऱ्याचं धड उचलायचं, दहा घोड्यांच्या रेटारेटीतून काढायचं आणि पलीकडच्या मातीच्या गोल ओट्यात टाकायचं. गेल्या शरदात उजवा गुडघा दुखावला आणि गावच्या संघातून त्याचं नाव गेलं. सहा आठवड्यांनी पुन्हा निवड होती. तेव्हा जमलं नाही, तर दूर परदेशात, येकातेरिनबुर्गला, मोठ्या भावाकडे बांधकामावर जायचं. भावानं तिकीटसुद्धा पाठवलं होतं. हे सगळं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, आणि मग अभिमानानं मान वर करून म्हणाला, की पायांत ताकद कमी नाही, खांद्यावर एकशेवीस किलो घेऊन तो बैठका मारतो, अख्ख्या संघात कोणी मारत नाही.

"मग धड का उचलता येत नाही?"

"तेच तर कळत नाही."

हे ऐकलं आणि मला अक्षरशः आनंद झाला. त्याला दुखत होतं, त्याचं घर सुटायची वेळ आली होती, आणि मला आनंद कसला, तर कोडं सापडल्याचा. मी अशीच आहे.

त्याला बैठका मारायला लावल्या. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, जमिनीवर पालथी पडून टाचा पाहिल्या. काही चूक दिसेना. मग कोपऱ्यातल्या मावशीच्या काट्याकडे लक्ष गेलं. शेजारच्या दुकानातून तसाच दुसरा मागून आणला. एका काट्यावर त्याचा डावा पाय, दुसऱ्यावर उजवा, खांद्यावर साठ किलोची दांडी. म्हटलं, आता बसा.

तो बसला आणि उठला. मी आकडे वाचले, विश्वास बसेना म्हणून पुन्हा बसवलं. डावा शहाऐंशी, उजवा चोपन्न.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला.

काटे अदलाबदल केले. तरी डावा शहाऐंशीच.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आमच्याकडे पोर चौथ्या वर्षी घोड्यावर चढतं, आणि चढतं ते डावीकडून. डावा पाय रिकिबीत, सगळा भार त्याच्यावर, उजवा नुसता वरून टाकायचा. दिवसातून वीस वेळा, वीस वर्षं. उजवीकडून कोणी चढायला गेलंच, तर घोडा बिथरतो आणि म्हातारे रागावतात. वर त्याचा उजवा गुडघा दुखावलेला. दोन पायांवर बैठक मारताना डावा गुपचूप उजव्याचं काम करत होता. पण धड उचलायला उजवीकडे लोंबकळलं, की डावा पाय खोगिरात अडकलेला असतो, आणि पस्तीस किलो घेऊन वर यायचं ते एकट्या उजव्याच्या जोरावर. तिथे मदतीला कोणी नाही.

म्हणून मी सांगितलं, बैठका बंद. एका पायावर बसायचं, एका पायावर उठायचं, लाकडी ओंडक्यावर उजवा पाय ठेवून चढायचं. त्याचा चेहरा पडला. एकशेवीस किलोवाल्याला मी रिकाम्या हातांनी ओंडका चढायला लावत होते. आणि तेही जमेना... उजव्या पायावर अर्धा खाली गेला की डुलायचा. भिंत धरू दिली असती तर सगळा भार तिच्यावर गेला असता. मग मी हात पुढे केला.

"हात नाही, चार बोटं. वजन टाकायचं नाही, फक्त टेकवायची."

त्याचा तळहात लगामानं खरखरीत झालेला. माझी चार बोटं त्यानं अशी हलकेच धरली, जणू हातात पाखरू आहे. मी मोठ्यानं आकडे मोजत होते आणि सातनंतर पुन्हा पाच म्हणाले. त्यानं दुरुस्त केलं नाही. मुकाट्यानं तीन उठबशा जास्त काढल्या.

संघ निवडणारे साग्यन बाइके एकदा डोकावून गेले. बाइके म्हणजे दादा, पण ते सगळ्या गावाचेच दादा. त्यांच्या मते बैठक ही एकच खरी. उरमातला ओंडक्यावर एका पायानं चढताना पाहून ते म्हणाले, कोंबडी दिवसभर एका पायावर उभी असते, तिला अजून कोणी संघात घेतलं नाही. मी त्यांनाच काट्यांवर उभं केलं. डावा अकरा किलोनं जड निघाला. ते काट्याला शिव्या देत गेले, पण दुसऱ्या दिवशी कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी पुन्हा मोजून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात चाराची दोन बोटं झाली. तिसऱ्यात एक. तुम्हीचं तू कधी झालं, ते मात्र मी मोजलं नाही.

आणि एक दिवस उरमातची आई, त्याची अपा, आली. म्हणाली, गुडघा दुखतोय. मी खाली बसून गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, गुडघा ठणठणीत. वर पाहिलं तर ती माझ्या कानांकडे बघत होती. "कान टोचलेत ना गं?" म्हणाली. मी हो म्हटलं आणि माझे दोन्ही कान तापले. आमच्याकडे मुलाची आई मुलीच्या कानांत झुमके घालते, की लग्न ठरलंच. तिनं अजून काही घातलं नव्हतं. फक्त बघून गेली.

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. माझं गणित चुकलं तर हा जाणार. बैठका मीच बंद करायला लावल्या होत्या.

पाचव्या आठवड्यात मी लवकर आले, तर गोदामातून दांडीचा आवाज. उरमात चोरून बैठका मारत होता. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुला माझ्यावर विश्वास नसेल तर सरळ सांग, माझी सकाळ कशाला वाया घालवतोस? त्यानं दांडी खाली ठेवली.

"विश्वास आहे," तो म्हणाला. "पण दहा घोडे अंगावर येतात ना, तेव्हा दोन्ही मांड्यांनी घोडा घट्ट आवळावा लागतो. ती ताकद या बैठकांनी येते, हे माझ्या अंगाला ठाऊक आहे. तू कधी त्या गर्दीत गेली नाहीस, बेगाइम."

राग आला होता, पण त्याच्याहून जास्त कुतूहल. मी काटे ओढले, दांडी साठ किलोवर आणली आणि म्हटलं, बस. डावा एकाहत्तर, उजवा एकोणसत्तर. आता डावा चोरून मदत करत नव्हता. मग माझं म्हणणं तरी काय उरलं होतं? मी कबूल केलं, की मी अडून बसले होते. आधी एकेक पाय बरोबरीला आणायचा हे माझं बरोबर, आणि नंतर दोन्ही पायांवर मिळून भार टाकायचा हे त्याचं. तीन दिवस ओंडका, दोन दिवस दांडी, असं ठरलं. ओंडक्यावर आता त्याला आधार लागत नव्हता. तरी तो बोट मागायचा... आणि मी द्यायची.

निवडीच्या दिवशी मैदानावर बारीक पाऊस होता. ओलं धड आणखी जड होतं. पहिल्या वेळी उरमात उजवीकडे लोंबकळला, धडाला हात लागला आणि सुटला. माझ्या शेजारी त्याच्या आईनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या वेळी तो खाली गेला आणि... थांबला. क्षणभर घोडा, माणूस, सगळं वाकडं. माझी बोटं आपोआप पुढे झाली, वेड्यासारखी, दोनशे पावलांवरून. मग उजवा पाय सरळ झाला आणि धड वर आलं. पुढे पाच-सहा घोड्यांनी त्याला घेरलं, तेव्हा दोन्ही मांड्या आवळून तो खोगिरात ठाण मांडून बसून राहिला, आणि निसटला. साग्यन बाइकेंनी चिखलात थुंकून त्याचं नाव संघात घेतलं.

तो माझ्यापाशी येऊन उतरला. चिखलानं माखलेला, धापा टाकत. मी म्हटलं, आता भावाला तिकीट परत कर.

"ते तीन आठवड्यांपूर्वीच केलं."

"तीन आठवड्यांपूर्वी? आणि आज निवड झाली नसती तर?"

"तरी राहिलोच असतो."

"मग मला का नाही सांगितलंस? मी इतके दिवस जीव मुठीत धरून मोजतेय."

"सांगितलं असतं, तर मी कशासाठी राहतोय हे तुला कळलं असतं," तो म्हणाला, आणि त्याची नजर खाली गेली. "मग तू बोट दिलं नसतंस, तर?"

मी, जिला समोरच्याच्या चालण्यावरून गुडघा कळतो, तिला एवढं कळलं नव्हतं. पावसात उभी राहून मी हसले, आणि मला रडूही आलं. मग मी पूर्ण हात पुढे केला, पाचही बोटं. त्यानं त्यातलं एकच धरलं, सवयीनं.

"अपाचा गुडघा उद्या पुन्हा दुखणार आहे," तो म्हणाला. त्याची आई चार पावलांवर आभाळाकडे बघत उभी होती. "सकाळी येईल. कानांत काही घालू नकोस."