कुलाबा टर्मिनस, सहा फूट बाय एक

"रडू नका हो... होईल सगळं नीट."

हे माझ्यासाठी होतं. बोलणारा मुलगा घडी न मोडलेला रुमाल पुढे धरून उभा होता आणि माझ्या डोळ्यांतून खरंच धारा लागल्या होत्या. वाशीला सेक्टर सतरात कमळाकरकाकांचं नकाशांचे प्रिंट काढायचं दुकान होतं. ते मशीन अमोनियावर चालायचं. दुकानात पाय ठेवला की डोळे झोंबायला लागायचे.

"मी रडत नाहीये. अमोनिया आहे तो."

"अच्छा..." रुमाल काही मागे जाईना. "मग माझ्या डोळ्यांत का नाही येत पाणी?"

"आत्ता तर आलायत. दोन मिनिटं थांबा ना."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेवटी तो रुमाल त्यालाच वापरावा लागला. मी हसले, तोही डोळे पुसत हसला, आणि गल्ल्यावरून कमळाकरकाका ओरडले, "ए संघमित्रा, गिऱ्हाईक पळवू नकोस माझं!" झालं. माझं नाव त्याला फुकटात कळलं.

त्याचं नाव अंकुश. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये तो मोटरींचं वाइंडिंग करायचा, जळालेली तार काढून नवी भरायची. त्याच्या हातात एक जुना फोटो होता. तो त्याला झेरॉक्सवर मोठा करून हवा होता. फोटोत रेल्वे स्टेशनची एक बैठी इमारत होती. खाली कुणीतरी शाईने लिहिलं होतं, 'कुलाबा'.

"कुलाब्याला कुठे आलंय स्टेशन?" मी विचारलं.

"होतं. गाडी तिथे संपायची. तीस सालच्या शेवटच्या दिवशी बंद केलं. माझे आजोबा सांधेवाले होते तिथे, रूळ बदलायचे." तो जरा घुटमळला. "मी ते बनवतोय. छोटं. बाबांसाठी. पण या दरवाजाची उंची किती फूट धरायची, काय कळत नाही राव... तुम्हाला कळतं का यातलं?"

हे १९९८ साल. मी चोवीस वर्षांची होते, आयटीआय करून बेलापूरला एका आर्किटेक्टकडे चार वर्षं ड्राफ्ट्समन होते. दिवसभर ट्रेसिंग पेपरवर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचे आणि चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने खरवडायची. मला यातलं सोडून दुसरं काहीच कळत नव्हतं. पण एवढ्या भोळेपणाने मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, हेही खरं.

"पायऱ्या मोजायच्या," मी म्हटलं. "पायरी सहा इंचांची धरली की बाकी सगळं निघतं. द्या इकडे. रविवारी मोकळी असते मी."

म्हटलं तर खरं, मग वाटलं... बाई गं, हे काय बोलून बसले!

घणसोली गावात चांगुणाबाईंच्या घरात त्यांची भाड्याची खोली होती, दहा बाय बारा. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, एक कपाट आणि अंकुशचे बाबा, बाजीरावकाका. अंकुशची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. कॉटच्या वर भिंतीला ब्रॅकेटवर एक फळी ठोकलेली होती, सहा फूट लांब आणि एक फूट रुंद. त्या फळीवर अख्खं टर्मिनस बसवायचं होतं.

"जयभीम काका," मी म्हटलं.

"जयभीम पोरी. ये, बस. कॉटवरच बस, दुसरीकडे जागा नाही," काका म्हणाले. पंचाहत्तरीतला माणूस, पण आवाज खणखणीत. ओट्यावरून चांगुणाबाईंनी डोकावून पाहिलं आणि अंकुशला विचारलं, "काय रं पोरा, आगीनगारी चालू झाली नाय, तवर पावनी पन आली?"

अंकुशचे कान लाल झाले.

चोरबाजारात त्याला एक विलायती खेळण्यातलं इंजिन मिळालं होतं, मोटर जळालेलं. वाइंडिंगवाल्याला काय, त्याने ती भरून घेतली. ते इंजिन खऱ्याच्या सत्याऐंशी पट लहान होतं, म्हणून बाकी सगळंही सत्याऐंशी पट लहानच करायचं. मी मान डोलावली.

मग रविवार सुरू झाले. मी कार्डबोर्डवर रेघा मारायचे, तो कापायचा. गोंद वाळेपर्यंत हात धरून ठेवावे लागायचे, माझं बोट या बाजूला, त्याचं त्या बाजूला, मध्ये दोन मिलिमीटरची भिंत. गोंद पाच मिनिटांत वाळतो. आम्ही दहा मिनिटं धरायचो.

"अहो, सोडा आता, वाळला," एकदा मी म्हटलं.

"खात्री नाही वाटत..." तो म्हणाला. "आणि मला अहो नका म्हणू."

"मग तूही मला तुम्ही म्हणू नकोस."

बाजीरावकाका कॉटवर पडून सगळं बघायचे. सात वर्षांचे असताना ते रोज दुपारी त्यांच्या आबांची, म्हणजे अंकुशच्या आजोबांची, भाकरी घेऊन कुलाब्याला जायचे. रुळांच्या कडेला सांधेवाल्याची टपरी होती. तिच्यात बापलेक जेवायचे, आणि इंजिन जवळून गेलं की भाकरी थरथरायची. "ती टपरी कर रे," ते अंकुशला सांगायचे. पण जागाच नव्हती. इमारत, दोन फलाट, तीन डबे... फळी संपत होती. काकांनी नंतर टपरीचं नाव काढणं सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं.

चौथ्या रविवारी इमारत चिकटवून झाली. अंकुशने तांब्याच्या तारेवर एम-सील लावून एक चिमुकला सांधेवाला केला होता, डोक्याला लाल फेटा. म्हणाला, "बघ, आजोबा ड्यूटीवर चालले." त्याने तो बाजूच्या छोट्या दरवाजात उभा केला, आणि तो आत जाईचना. फेटा वर अडकला.

मी पट्टी काढली. मोजलं. परत मोजलं. ऑफिसात सगळे नकाशे शंभरपट लहान काढायचे असतात. हाताला तीच सवय. मी अख्खं कुलाबा टर्मिनस शंभराच्या मापाने काढलं होतं!

"चार वर्षांत एकदाही माप चुकलं नाही माझं..." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी अमोनिया नव्हता.

"मग इथेच कसं चुकलं गं?" बाजीरावकाकांनी कॉटवरून विचारलं. चेहरा अगदी साळसूद.

आता माझे कान लाल झाले. अंकुश मात्र फळीच्या टोकाशी वाकून काहीतरी मोजत होता. "संघमित्रा, रडू नको. हे बघ... इमारत लहान झाली ना, सहा इंच उरलेत इथे."

सहा इंच. त्यात टपरी बसत होती! पुढे सत्याऐंशीच्या मापाची टपरी आणि तिच्यात फेटेवाला सांधेवाला. मागची लहान इमारत आता लांब असल्यासारखी वाटायला लागली. एक फूट रुंद फळी एकदम ऐसपैस दिसू लागली. काका उठून बसले, चष्मा लावला आणि फळीजवळ तोंड नेलं. मग म्हणाले, "भाकरीचं फडकं टपरीच्या खिळ्याला असायचं." अंकुशने रुमालाचा कोपरा कापून ते केलं. त्या दिवशी मला कळलं, मला हा मुलगा हवाय. रविवारपुरता नाही, कायमचा.

पण तो बोलेना. आणि माझ्या घरी एक स्थळ आलं. बँकेत नोकरी, खारघरला दोन खोल्यांचा फ्लॅट बुक केलेला. बघायचा कार्यक्रम झाला, त्यांचा होकारही आला. आमचं उत्तर येत्या रविवारी द्यायचं होतं. मी मुद्दाम जाऊन अंकुशला सांगितलं.

तो तार गुंडाळत राहिला. "दोन खोल्या... चांगलं आहे की."

"एवढंच?"

"काय बोलू मग? तू बघतेस ना खोली. माणूस आणायचं तर ठेवायचं कुठे?"

मी तरातरा निघून आले. रात्रभर चिडले त्याच्यावर. सकाळी वाटलं, अरे, हा नको म्हणालाच नाही! हा जागा नाही म्हणाला. आणि जागेचं काम तर माझं!

शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी नकाशाची गुंडाळी घेऊन घणसोलीला गेले. दारातच थबकले. टर्मिनस जमिनीवर होतं. अंकुश स्टुलावर चढून ब्रॅकेटचे स्क्रू काढत होता, निघालेले स्क्रू तोंडात धरलेले. काका ओट्यावर पाठ करून बसले होते.

"हे काय चाललंय?"

तोंडात स्क्रू, बोलणार काय? त्याने हाताने भिंत दाखवली. ओट्यावरून काका म्हणाले, "तिथे वर माळा टाकतोय. म्हणतो, तुझ्या वडिलांकडे जायचं तर खोलीत जागा दिसायला पाहिजे. मीच म्हटलं, काढ बाबा. माझं बघून झालंय." शेवटचं वाक्य त्यांनी जरा भरभर म्हटलं.

मला राग आला आणि हसू आलं, दोन्ही एकदम. मी कॉटवर नकाशा पसरला. दहा बाय बाराची खोली, इंच न् इंच. खिडकीकडे काकांची कॉट, वर टर्मिनस जिथल्या तिथे. मध्ये प्लायचं पार्टिशन. पलीकडे स्वयंपाकाचा कट्टा, त्याखाली ट्रंका, भिंतीला घडी होणारं माझं ड्रॉइंग बोर्ड, आणि एक पलंग.

"स्टेशन हलणार नाही," मी म्हटलं. "काका रोज बघणार ते. उद्या आमच्याकडे उत्तर द्यायचंय, आणि मी नाही म्हणणार आहे. खारघरच्या फ्लॅटमध्ये मला काय करायचंय? मला तू पाहिजेस. हा बघ, मी सगळं बसवलंय. आता तू बोल."

तो स्टुलावरून उतरला. तोंडातले स्क्रू एकेक करून काढत माझ्या तळहातावर ठेवत गेला. एक... दोन... तीन... चार. इतका हळू, की मला ओरडावंसं वाटलं.

मग नकाशावर वाकला. पार्टिशन बघितलं, बोर्ड बघितलं, पलंगावर बोट ठेवलं.

"हा साडेतीनच फुटांचा काढलायस," तो म्हणाला. "दोघांना पुरेल?"

"तू सांग ना."

"पुरेल." त्याने माझी मूठ स्क्रूंसकट आपल्या हातात घेतली. "संघमित्रा... पहिल्या रविवारपासून सांगायचं होतं मला. लग्न करशील माझ्याशी? उद्या सकाळी येतो बाबांना घेऊन, तुमच्याकडे."

"दहाच्या आत ये," मी म्हटलं. "दुपारी त्यांना उत्तर जाणार आहे."

"येतो."

ओट्यावर चांगुणाबाईंनी काकांना कोपराने ढोसलं, "ऐकलाव ना? उठा, चा टाकतंय मी." काका उठले, पण चहाला गेले नाहीत. आत आले, जमिनीवरच्या फळीचं एक टोक धरलं आणि मला म्हणाले, "ते टोक धर, सूनबाई. आणि जपून, आबा टपरीत बसलेत."