खांड्याची नवरी

मानमोडीच्या तापाची साथ ओसरली त्या हिवाळ्यातली गोष्ट. पहिली संक्रांत माहेरी करायची, म्हणून धाकट्या बहिणीला, हेमलाला, आणायला मी शिरपूरहून बैलांची दमणी जुंपली. केनवड मागं पडलं. वाटेत कापसाची वेचणी चालली होती, ऊन कोवळं होतं. मॅट्रिक सोडून घरी बसलेला मी. असली कामं माझ्याच माथी यायची.

हेमलाचं लग्न मार्गशीर्षात लागलं, ते खांड्याशी. आम्हा राजपूत ठाकुरांत ही रीत आहे. नवरदेव लढाईवर असला, आजारी असला, तर त्याची तलवार येते. मुठीला मुंडावळ्या बांधतात, पोर तलवारीसोबत फेरे घेते आणि नवरा मग केव्हातरी भेटतो. गोविंदसिंग तापानं पडलाय, मुहूर्त टळायला नको, असं त्याचा मामा किसनसिंग म्हणाला. गोविंदसिंगाला आईबाप नव्हते; जहागिरीचा कारभार मामाच बघे. हुंडा नको म्हटल्यावर आमच्या बापानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. पंधरा वर्षांची पोर लोखंडाच्या पात्यासोबत फिरली, आणि म्हातारे मिशांना तूप लावून जेवले.

भर दुपारी हेमलाच्या सासरी पोचलो, तरी घर गप्प. माणसं होती, पण सगळी पाय दाबून चालत होती. ओल्या फडक्यांचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. विहिरीवर गिरजाबाई नावाची जुनी मोलकरीण भेटली. तिला विचारलं, "जावाईबापूचा ताप उतरला का?"

तिच्या हातातला दोर थांबला.

"कायचा ताप, भाऊ... ते पोट्टं मानमोडीतच गेलं. लग्नाच्या आधी. मामानं गुपचूप जाळलं."

"मंग लग्न काहून लावलं?"

"बिनलग्नाचा मेला त जहागिरी चुलतभावाले जाते, भाऊसिंगाले. मांगं बायको राह्यली त ते दत्तक घेते. मामाचा नातू मांडीवर देतीन तिच्या. मंग सांगतीन, गोविंदसिंग आत्ता वारले म्हून... अन् पोरीच्या बांगड्या फोडतीन."

मी तसाच आत गेलो.

खोलीत खाट होती. खाटेवर गादी, गादीवर तलवार, पात्यावर गोधडी पांघरलेली. मुठीवर ओलं फडकं. हेमला उशाशी बसून ते बदलत होती. पोर वाळून काटकी झाली होती.

"ऊठ," मी म्हणालो. "मेल्याशी लग्न लागत नाई. तू कुवारीच हायेस. घरी चाल."

"हळू, दादा... आताच डोया लागला त्याचा."

तिनं मला मनगट धरून बाहेर ओढलं, दार लोटलं.

"मले माहीत हाये," ती कुजबुजली. "पयल्या दिवसापासून. पन... त्याले माहीत नाई."

"कोनाले?"

"मेलेल्याचं कोनी लग्न करते का, दादा? म्हून त्याले वाटते, आपून जित्ते हावो. ताप हाये नुसता... पानी मांगते सारखं. मी गेली त त्याले समजन. एकोनीस वर्साचं पोट्टं हाये रे. कसं सांगू त्याले?"

मी तिच्या हातातलं फडकं हिसकलं. चटका बसून माझ्या हातून ते खाली पडलं. वाफ निघत होती त्यातून.

एवढ्यात किसनसिंग काठी टेकत आला. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पाव्हने, आजारी मानसाच्या खोलीपाशी आवाज नोको."

माझ्यानं राहवलं नाही.

"कोन आजारी? गोविंदसिंग मेला! तुमीच जाळला त्याले!"

हेमलानं माझ्या तोंडावर हात दाबला. पण उशीर झाला होता.

आत खाट करकरली. मग झोपेतून उठल्यासारखा एक कोवळा, कोरडा आवाज आला...

"कवा?"

किसनसिंगानं काठी दारावर रोखली.

"मामा... कवा?"

किसनसिंग भिंत धरून मागं सरकला आणि पाठ फिरवून चालता झाला. ज्याला तिथी ठाऊक होती तोच पळाला. आत कोणीतरी रडू लागलं. उशीत तोंड खुपसून पोरं रडतात तसं. हेमला दाराला कपाळ लावून त्याच्यासोबत रडली. आवाज थांबला तेव्हा तिनं दार उघडलं. तलवार तिथंच होती. गोधडी मात्र पायथ्याशी सारलेली.

कोणी अडवलं नाही. हेमला आपणहून दमणीत बसली.

दिवेलागणीला घरी पोचलो. बाप कंदिलाजवळ बसला होता. मी सगळं त्याच्या तोंडावर फेकलं: नवरा आधीच मेला होता, कोणी जाळला, लग्न कशासाठी लावलं. खोलीतल्या आवाजाचं तेवढं बोललो नाही. हेमला उंबऱ्यात उभी होती.

बाप मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं एकदम वर पाहिलं. माझ्याकडं नाही, हेमलाकडंही नाही. आमच्या मागं, दाराबाहेरच्या अंधाराकडं. आणि लेकराला समजवावं तशा आवाजात म्हणाला,

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जावाईबापू."

आमच्यापैकी कोणी काही विचारलंच नव्हतं.