जिन्याची सतरावी पायरी

मोजपट्टी, बॅटरी आणि पेरूच्या पॅटिसचा पुडा एवढंच सामान घेऊन ओडालिस फेरान त्या घरी गेली, तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. काम साधं होतं. जिन्याची मापं तपासायची, टाइल्सचे फोटो काढायचे आणि दोनच्या आत परतायचं. असली कामं तिनं पंचवीस वर्षं केली होती. मायामीच्या दक्षिणेला, पाल्मेरा गल्लीत, शंभर वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसांनी स्पेन-इटलीची नक्कल करून बारा घरं बांधली होती. गोल कौलं, कमानी, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला गिलावा, अंगणात कारंजं. नक्कलच ती, पण जीव लावून केलेली. त्यातली अकरा ओडालिसच्या डोळ्यांदेखत पडली. प्रत्येक घर वाचावं म्हणून तिनं जुने नकाशे, परवाने धुंडाळून अहवाल लिहिला, आणि प्रत्येक अहवाल फायलीत आणि घर धुळीत गेलं. आता हे शेवटचं उरलं होतं. हेही गेलं तर आपण आयुष्यभर केलं काय, हा प्रश्न तिला सोडत नव्हता.

घरमालक विली अरेन्सिबिया फाटकाशीच उभा होता. घर त्याला आत्याकडून मिळालं होतं आणि त्याला ते विकायचं होतं.

"आलात माहेराला?" तो म्हणाला. "छप्पर गळतंय, विमेवाले मला दारात उभं करत नाहीत, आणि तुम्ही माझ्या कमानी मोजत बसा!"

"सहा महिने पाडकाम थांबवायचं वारसा समितीनं ठरवलंय, विली. मी नाही."

"समितीनं कुठलं हो, तुमच्या त्या थेआबाईनं! माझी आत्या ह्या घरात पन्नास वर्षं राहिली, जन्मात कधी तिनं हे नाव घेतलं नाही."

ओडालिसचे कान गरम झाले. ती खाली बघत ओसरीवर चढली. दाराशेजारी पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवलेले होते. एक आत्यासाठी असणार. आपल्या गेलेल्या माणसांसाठी तिची आईसुद्धा असं पाणी ठेवायची. दुसरा कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही.

"मी काही आत येत नाही," विली मागून म्हणाला. "वाळवी आहे. आणि बाई, आत काही रंगवताय का तुम्ही? हल्ली सारखा रंगाचा वास येतो."

थेआ लुंडीन नावाची बाई कधी नव्हती. ती ओडालिसनं बनवली होती.

नियम असा होता, की घर वाचवायचं तर ते कुणा नामवंताच्या हातचं तरी हवं, नाहीतर तिथं कुणी लक्षात राहावं असं माणूस राहिलेलं तरी हवं. या घराच्या परवान्यावर वास्तुकाराचं नावच नव्हतं. ग्रंथालयातल्या जुन्या पत्तापुस्तकांत दर वर्षी कुठल्या घरात कोण राहतं ते छापलेलं असे. त्यात या घरासमोर एकोणीसशे एकतीसपासून एकोणचाळीसपर्यंत एकच शब्द होता: रिकामं. नऊ वर्षं रिकामं. तिथं काहीही लिहा, खोटं म्हणणारं कुणी जिवंत नव्हतं. दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं, पण पत्तापुस्तकं उशाशी घेऊन झोपणाऱ्या बाईला ती रिकामी जागा दिसली आणि बुडत्याला काडी सापडली.

जिन्याला सोळा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या उभ्या बाजूला चित्राची एक टाइल. होडी, लिंबाची फांदी, कुत्रं, बुटांची जोडी. कुणी रंगवल्या ते माहीत नव्हतं. ओडालिसनं लिहिलं, की थेआ लुंडीन या चित्रकार बाईनं. उजव्या पायानं अधू, जगात तिचं कुणी नाही. आयुष्यातून जे जे गेलं, ते ते तिनं एकेका पायरीवर रंगवलं. आणि शेवटी हात आवरेना म्हणून हेही लिहिलं, की घर उभं आहे तोवर उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिनं शपथ घेतली होती. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं. समितीतल्या एका आजोबांनी तर डोळे पुसले. सहा महिने मिळाले. त्या दिवशी ओडालिस घरी जाऊन रडली. त्यात आनंद किती आणि लाज किती, तिचं तिलाच कळेना.

आत अंधार होता. वादळाच्या मोसमात खिडक्यांना लावलेल्या पत्र्याच्या झडपा कुणी काढल्याच नव्हत्या. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत तळघरासारखा गारवा. ओलीचा वास, वाळवीच्या भुशाचा वास, आणि त्यावर तरंगणारा तिखट, स्वच्छ असा टर्पेंटाइनचा वास. ओडालिसनं बॅटरी लावली, पुडा पहिल्या पायरीवर ठेवला आणि खालून मोजायला घेतलं.

सतरा भरल्या.

ती हसली. उन्हातून आल्यामुळे चुकलं असेल. पुन्हा मोजल्या, बोट लावून, मोठ्यानं. सतरा. पंचवीस वर्षांत तिची मापं चुकली नव्हती असं नाही, पण अख्खी पायरी कधी वाढली नव्हती. ती चढत गेली. होडी, लिंब, कुत्रं, बूट… सोळाव्या पायरीवर वाकून तिनं पुढच्या टाइलवर उजेड पाडला.

पाठमोरी बाई होती. वाकलेली, पाठीवर ओडालिससारखीच पांढरी वेणी, हातातून पिवळी मोजपट्टी खाली लोंबत होती. ओडालिसनं नकळत बोट लावलं. रंग ओला होता.

तेवढ्यात वरच्या खोलीत कुणीतरी चाललं. पाऊल पडल्याचा आवाज, मग काहीतरी ओढल्याचा. पाऊल… आणि ओढलेला पाय. आवाज जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला.

"कोण आहे खाली…?"

त्या आवाजात राग नव्हता. दार वाजल्यावर कुठलीही घरधनीण विचारेल तसं विचारलेलं होतं. विचारलं की उत्तर द्यायची ओडालिसची जन्माची सवय.

"मी… ओडालिस. मापं घ्यायला आलेय."

वरून अगदी हळू आलं, "लिहितेस ती तूच…?"

"हो…"

"माझा डावा पाय अधू आहे. उजवा नाही… नीट लिही." आवाज थोडा पुढे आला. "माझं कुणी नाही असं लिहिलंस ना… ते बरोबर आहे…"

ओडालिस कशी खाली आली ते तिला आठवत नाही. बॅटरी आत राहिली, पुडाही राहिला. फाटकाशी विलीनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे. बोट पिवळं झालेलं होतं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "रंगवताय तुम्ही."

तो रंग साबणानं गेला नाही, रॉकेलनं गेला नाही. तीन आठवडे ओडालिस ते बोट मुठीत लपवून हिंडली. रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात. जे जे गेलं ते ते थेआनं रंगवलं, हे तिनंच लिहिलं होतं, आणि शेवटच्या टाइलवर ओडालिस स्वतः होती. म्हणजे आता आपली पाळी. गप्प राहिलं तर घर वाचत होतं. पण आपण त्यात काय आणून ठेवलंय, आणि ते आपल्याकडून आणखी काय लिहून घेईल, या धास्तीनं तिची पाचावर धारण बसली होती. थेआला नाहीशी करायची तर एकच वाट होती: नव्हतीच म्हणून सांगायचं.

समितीच्या शेवटच्या सुनावणीला ती उभी राहिली.

"थेआ लुंडीन नावाची बाई नव्हती. मी बनवली."

सभागृहात कुजबुज झाली. डोळे पुसणाऱ्या आजोबांनी चष्मा काढला. "मग त्या नऊ वर्षांत तिथं राहत कोण होतं?"

"कुणी नाही," ओडालिस म्हणाली.

बोलली आणि तिला जाणवलं, की आपण कुणाला तरी हाताला धरून घराबाहेर काढलं. घर तर गेलंच. पाचव्या मिनिटाला पाडकामाची परवानगी मंजूर झाली.

बाहेर विली भेटला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता.

"हे काय केलंत हो, बाई? मी तर हार मानून बसलो होतो. आत्याशेजारी तिच्याही नावानं पाणी ठेवत होतो रोज."

"अरे, ती नव्हतीच."

"असेल बुवा," विली डोकं खाजवत म्हणाला. "पण सकाळी तिचाच ग्लास रिकामा असायचा."

मंगळवारी यंत्र आलं. शंभर वर्षांचं घर पाडायला शंभर मिनिटंही लागली नाहीत. यंत्राच्या पंजानं आधी कौलं ओरबाडली, मग कमानी एकेक करून गुडघ्यात मोडल्या. ओडालिस समोरच्या फुटपाथवर उभी होती. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला स्पष्ट दिसत होतं. अकरा घरं इतरांनी पाडली होती. बारावं तिनं पाडलं. आता तिचा अहवाल कुणी वाचणार नव्हतं, आणि वाचायला गल्लीत घरही उरलं नव्हतं. ती हमसून रडली. रस्त्यावरची माणसं बघत होती, बघू देत.

दुपारी विलीनं एक खोकं आणून तिच्या हातात ठेवलं. "जिन्याच्या टाइल्स. तुम्ही सांगितलं होतं म्हणून आधीच काढून ठेवल्या. एकही फुटली नाही."

"किती आहेत?"

"किती म्हणजे? सोळा. तुमच्याच अहवालात लिहिलंय की."

ओडालिसनं खोकं उघडून मोजल्या. सोळाच होत्या. पाठमोरी बाई त्यात नव्हती. तिनं मूठ उघडून बोट पाहिलं. बोट स्वच्छ होतं. किती आठवड्यांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. घर गेलं, पण निदान तेही गेलं.

ती वरच्या मजल्यावर राहायची. बाहेरून साधा सिमेंटचा जिना, चौदा पायऱ्यांचा. वीस वर्षं ती चढताना मोजायची, धंद्याची खोड. उन्हात सगळी गल्ली सुस्तावलेली, कुठं रेडिओसुद्धा वाजत नव्हता. खोकं पोटाशी धरून ती चढू लागली. हात भरलेले, खालचं दिसत नव्हतं, पायच मोजत होते. बारा, तेरा, चौदा.

पाऊल उंबऱ्यासाठी पुढे टाकलं, ते आणखी एका पायरीला अडलं.

तिनं खोकं अलगद बाजूला ठेवलं आणि वाकली. सिमेंटच्या त्या पायरीला एक टाइल बसवलेली होती. पांढरी, कोरी. कडेचा चुना अजून ओला होता. चित्र काढायचं राहिलं होतं.

सकाळी कुलूप लावलेलं दार बोटभर उघडं होतं. फटीतून टर्पेंटाइनचा वास येत होता. आत, तिच्या स्वयंपाकघरात, पाऊल पडलं आणि पाय ओढला गेला. डावा.

"कोण आहे खाली…?"

ओडालिसनं तोंड उघडलं. स्वतःचं नावच सांगायचं होतं. पण नाव ओठाशी येईना, शोधूनही सापडेना. त्या दिवशी सभागृहात उच्चारलेले दोनच शब्द आले.

"कुणी नाही…"

आतून पाय ओढत कुणीतरी दाराशी आलं. मग दार सावकाश लागलं आणि आतून कडी बसल्याचा आवाज आला.