चढावरचा जळका वास

वकील भगवानरावांचा निरोप तातडीचा होता, म्हणून जमादार पुंडलिकराव चहा अर्धा टाकून आले. मोटारखान्याला बाहेरून कुलूप होतं. आत मोटार होती, आणि तिच्यासोबत तिचा ड्रायव्हर लालसिंग कालपासून कोंडलेला होता.

"याला आत्ताच यवतमाळला न्या," वकील म्हणाले. "विरोधी पक्षानं फितवलंय याला. काल माझी कोर्टात तारीख होती. आर्णीपुढच्या चढावर यानं मोटार बिघडवली, जळका वास सुटला. दोन बैलजोड्या लावून परत आणावी लागली. साऱ्या दिग्रसनं पाहिलं."

दाराशी लालसिंगची आई बिजलीबाई भाकर बांधून बसली होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून पहाटेच चालत आलेली. तिला कुणी आत सोडत नव्हतं.

जमादार आणि वकील आत गेले आणि दार ओढून घेतलं. पत्रा तापला होता. घाम आणि जळका वास, दोन्ही कोंडलेले. लालसिंग चाकाला टेकून बसला होता. फितुरीचा ठपका लागला की नोकरी जाणार, तुरुंग होणार, आणि पुन्हा कुणी हातात मोटार देणार नाही, हे त्याला कळत होतं.

पुंडलिकराव पोलिसात येण्याआधी लढाईत लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत. चोरापेक्षा इंजिनावर त्यांचा विश्वास जास्त. इंजिन खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे.

"वास कवा येत होता?"

"चढावर. पाय दाबला का यायचा. उतारावर बंद."

"इंजिन?"

"जोरात वरडे. पन गाडी पुढं सरकत नव्हती."

"मोटारखान्याची किल्ली कोनाजवळ राह्यते?"

"माह्याजवळच."

"पोळ्याच्या सुटीत मोटार इथंच होती. कोन आलतं?"

"कोनीच नाही."

हे उत्तर जरा लवकरच आलं.

जमादारांनी चारही चाकं जॅकवर उचलून फिरवली. मोकळी होती. बॉनेट उघडलं. वायरी शाबूत, धुराच्या नळीवर तेलाचा थेंब नाही. मग त्यांनी इंजिन चालू केलं, हातब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय उचलला. खरं तर इंजिन धक्का खाऊन बंद पडायला हवं. ते मजेत चालत राहिलं. वास मात्र भपकन आला.

त्यांनी पायाखालची चटई उचलली. खाली एक भोक होतं, रबरी बूच लावलेलं. बुचाच्या कडेला पिवळा ओशट डाग. शेजारी पळसाचं वाळकं पान. जमादारांनी डागावर बोट फिरवलं, वास घेतला आणि ते पान उचलून पाहिलं.

"मीच केलं, साहेब," लालसिंग एकदम म्हणाला. "मीच तेल ओतलं. लिहून घ्या."

"पाहिलंत?" वकील म्हणाले. "कबूल झाला."

"खोटं बोलून राह्यला तो." जमादार फडक्याला बोट पुसत उठले. "वकीलसाहेब, इंजिनाची ताकद चाकाकडं नेते ती क्लचची प्लेट. तिनं घट्ट धरलं पाह्यजे. ओशट झाली का घसरते, घसरली का घासते, अन् घासून जळते. चढावर जोर लागते, म्हनून वास तिथंच. ब्रेक अडकले असते त वास उतारावरबी आला असता. म्हनजे प्लेट बिघडली, एवढं खरं. पन बिघडवली कशानं? हे तेल नाही. तूप आहे. हळद घातलेलं."

"तूप?"

"मोटार बिघडवाले निघालेला मानूस डब्यातलं काळं ऑइल ओतंन. घरचं तूप वाया घालत नाही. अन् पळसाचं पान कायले आनंन? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपन बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतो, पळसाच्या पानानं. जू जिथं घासते तिथं. लालसिंग, क्लच दाबला का इथून कुरकुर ऐकू यायची नं?"

लालसिंगने मान हलवली.

"ह्याच्या घरी आता बैल नाही. ही मोटारच ह्याचा बैल. कोनीतरी इचारलं, ह्याचा खांदा कुठं? ह्यानं हसून इथं हात ठेवला. अन् हा पानी आनाले गेला, तवा तिनं बूच काढून तूप सोडलं. ते आत थेट प्लेटवर गेलं. जिच्यापायी हा खोटा गुन्हा कबूल करते, ती गुन्हेगार दाराशी भाकर घेऊन बसली आहे, साहेब."

दार ढकललं गेलं. पत्र्याआडून बिजलीबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं हस्तिदंती चुड्यांचे दोन्ही हात जमादारांपुढं केले.

"मले न्या," ती म्हणाली. "पोराले सोडा. तो मुका बैल दुखते म्हनून कुरकुरते, असं वाटलं मले."

"याडी, माय माही, तू गप राह्य," लालसिंग रडवेला झाला.

भगवानराव त्याच्याकडं पाहत राहिले. "अरे, कालच का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं त तुमी याडीले बोलले असते. मले बोलले, ते मी ऐकून घेतो."

वकील शरमले, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी दार सताड उघडलं आणि खाली वाकून बिजलीबाईचे पुढं केलेले हात हळूच खाली केले.